धुरा चालतो म्हणणारी बाई

"लिहा ना डॉक्टर, येडी हाय म्हनून. गाडी भायेर उभीच हाय," नामदेव म्हणाला. मेडशीजवळच्या खेड्यातून तो विधवा भावजयीला, सरूबाईला, बैलगाडीत घालून माझ्या दवाखान्यात घेऊन आला होता. मी सही केली की तिची रवानगी थेट नागपूरच्या पागलखान्यात.

त्या काळी सर्टिफिकेटच्या फॉर्मात दोन रकाने असत. एक, डॉक्टरने स्वतः काय पाहिलं. दुसरा, लोकांनी काय सांगितलं. दुसरा नामदेवने भराभर सांगून टाकला. खिसकली. चळली. हवेत राह्यते. अक्कल चरायले गेली.

"पण करते काय ती?" मी विचारलं.

"म्हन्ते, धुरा चालते! धुऱ्याले पाय असतेत का जी?"

दोन वावरांमधला बांध म्हणजे धुरा. सोबत आलेले चौघे खो खो हसले. सरूबाई हसली नाही. आजचा वार, बाजाराचा दिवस, बैलांची नावं, सगळं तिने बिनचूक सांगितलं. मग म्हणाली, "दरसाल सरकते जी धुरा. हा नांगर घालते अन् माती माह्याकडं लोटते. सर्वेचा दगड आता याच्या पऱ्हाटीत हाय. पाहून या."

नामदेवने घाईघाईने फॉर्म माझ्यापुढे सरकवला. मी फॉर्म खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी सायकलवर गेलो. नामदेवच्या कपाशीत तुराट्यांचा ढीग होता. उपसला. खाली सरकारी मोजणीचा दगड. तिथून धुरा चौदा पावलं दूर, सरूबाईच्या वावरात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चौदा पावलं जमिनीसाठी हा माणूस शहाण्या बाईला जन्मभर कोंडायला निघाला होता, आणि त्याला माझी सही हवी होती!

पहिल्या रकान्यात लिहिलं : बाईला भ्रम नाही. दगड मी स्वतः पाहिला. चौदा पावलं.

नामदेवने तक्रार केली, आणि आठवड्यात अकोल्याहून सिव्हिल सर्जन साहेबांचं बोलावणं आलं.

"तुम्हाला मेंदू तपासायला सांगितला होता, जमीन मोजायला नाही. डोकं ठिकाणावर आहे का?"

"आहे साहेब. दगडही ठिकाणावर आहे. धुरा तेवढा नाही."

साहेब तापले, पण कागद फाडता येईना. पुढे मोजणी झाली, धुरा मागे गेला. सरूबाई आपल्या वावरात राहिली. नामदेव गावभर सांगत फिरला, डॉक्टर खिसकला.

तेव्हापासून कोणी कोणाला येडं ठरवून आणलं, की नाडी धरण्याआधी मी विचारतो, तुमची वावरं एकमेकांना लागून आहेत का?