आठवा हिस्सा

आस्ता कोफोड एकतीस वर्षं आमच्या रोने या बेटावरच्या गावातल्या मातीभांड्यांच्या कारखान्यात वाडग्यांचे, किटल्यांचे आकार काढत होती आणि मी, डॅग्नी, त्यांना झिलई चढवत होते. ती मोजपट्टी कधी लावायची नाही. नजरेनंच पूर्ण आकाराचं चित्र काढायची आणि भट्टीत माती आटते म्हणून आठवा हिस्सा आपोआप वाढवायची. मोजायला जावं तर केसभर फरक सापडत नसे. मी कितीदा जळले असेन त्या हातावर!

मग डॉक्टरांनी सांगितलं, मातीची धूळ फुप्फुसात बसलीय, यापुढे माती बंद. चोपन्न वर्षांची एकटी बाई, दुसरं काही येत नाही. आस्ता हबकलीच. कोपनहेगनच्या लासन नावाच्या पितळकामवाल्यानं मात्र एक संधी दिली. शोभेचा वाडगा काढायचा, चोवीस सेंटिमीटर रुंद, त्याच्या दुकानातल्या कोनाड्यात बसेल असा. जमला तर कायमची नोकरी. चित्र टपालानं गेलं.

महिन्याभरानं दुपारच्या कॉफीला तिनं तोंडाशी नेलेला पाव तसाच खाली ठेवला.

"डॅग्नी, मी वाढवलं गं."

"काय वाढवलंस?"

"आठवा हिस्सा. पितळ कुठं आटतं?"

माझी जीभ गप्प बसेना. "मग कळव की त्याला! तोंड शिवलंय का?"

"पत्र आलंय, वाडगा घेऊनच निघालाय तो. उद्याच्या बोटीनं येतोय."

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर तिनं माझी बाही इतकी घट्ट धरली की बटण तुटलं. बोट उशिरा यावी, बुडाली तरी चालेल, असलं काहीबाही माझ्या मनात येत होतं.

तिच्या स्वयंपाकघरात लासननं खोकं उघडलं. वाडगा इतका देखणा होता की मला रागच आला.

"सत्तावीस भरला," तो म्हणाला. "कारागिरांनी तुमच्या चित्राबरहुकूम केला. कोनाड्यात जात नाही, बाई."

"माती आटते," आस्ता कशीबशी म्हणाली.

"पितळ नाही आटत."

"मला माहितीय. हाताला माहीत नाही."

लासननं कागद पुढं सरकवला. "मग आत्ता काढा. माझ्यासमोर. हात ऐकणार नसेल तर मी परत जातो."

ती बसली. पेन्सिल उचलली. मी खुर्चीमागे उभी राहिले. वाडग्याच्या तोंडाची रेघ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेली आणि थांबली. लासननं मोजपट्टी ठेवली, पुन्हा ठेवली.

"चोवीस. सोमवारपासून या."

मी आनंदानं तिच्या गळ्यात पडले. आस्ता हलली नाही. ती आपल्या उजव्या हाताकडे बघत होती, चेहरा मघापेक्षाही पांढरा.

"एकतीस वर्षं, डॅग्नी," ती म्हणाली. "आणि एका रेघेत विसरला गं."