व्हय का न्हाय?

तात्यांना माइक लागत नसे. लोकसभेत बोलायची वेळ संपली की माइक बंद होतो आणि माणूस गुमान खाली बसतो. आमच्या तात्यांना माइक बंद झाल्याचं कळायचंच नाही. तरुणपणी कबनूरला ते जॉबर होते, म्हणजे यंत्रमाग बिघडला की दुरुस्त करणारे. शेडमधल्या खडखडाटात समोरच्याला ऐकू जायचं तर बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं. खासदार झाले तरी ती सवय सुटली नाही. तात्या उभे राहिले की शेजारचे सदस्य जरा सरकून बसत.

मी त्यांची स्वीय सहायक. हुपरीची, पैंजण घडवणाऱ्या घरातली, एमए झालेली आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. माझं नाव त्यांनी कधी घेतलंच नाही. "ए हुपरी, चल, मीटिंग हाय," अशी त्यांची हाक दिल्लीच्या गल्लीभर ऐकू जायची. पहिल्याच आठवड्यात मी सुनावलं, "तात्या, मला नाव आहे."

"हाय की! पर गडबडीत मला गावच ध्यानात ऱ्हातं. आन् हुपरीसारखं नाव कुणाचं असतंय का?"

मी फाइल उचलून मागोमाग निघाले.

'बघू' या शब्दाचं आणि त्यांचं हाडवैर. "'बघू' म्हंजे लाजत लाजत म्हटलेलं 'न्हाय'," असं ते म्हणायचे. कलेक्टर असो, कंत्राटदार असो, लग्नाचं आमंत्रण घेऊन आलेले पाहुणे असोत, सगळ्यांना त्यांचा एकच सवाल, "व्हय का न्हाय?" घरात मात्र उलटा कारभार. काकू फोनवर विचारायच्या, "या शनिवारी घरी येणार काय?" आणि तात्या बिनदिक्कत म्हणायचे, "बघू." मग पलीकडून काकूंचा आवाज मलाही ऐकू यायचा, "व्हय का न्हाय?" की तात्या मला तिकीट काढायची खूण करायचे.

रेल्वे, पुरात बुडणारे रस्ते, सुताचे भाव, असं बरंच काही ते संसदेत मांडत. पण जीव अडकला होता तो एकाच गोष्टीत. माग कामगारांसाठी सरकारी विम्याचा दवाखाना. मागावर सूत घेऊन धावणारा धोटा उडून कुणाचा डोळा जायचा, कापसाचे बारीक तंतू छातीत जाऊन खोकला जडायचा. तात्यांच्या छातीतही तो खोकला होताच. रात्रपाळी केलेला माणूस उपचारासाठी रोजगार बुडवून लांब जाणार कसा? म्हणून तो दुखणं अंगावरच काढायचा. "ही नुसती माझ्या कबनूरची गोष्ट न्हाय," तात्या सभागृहात सांगायचे, "देशात जितं माग, तितं खोकला. सगळ्यांसाठीच मागतोय." दर अधिवेशनात उत्तर यायचं, प्रस्ताव विचाराधीन आहे. तात्या म्हणायचे, "इतका विचार करून त्येंचं डोस्कं कसं दुखत न्हाय, ग?"

एकदा प्रश्नोत्तराच्या तासाला त्यांचा प्रश्न लागला. मी वरच्या गॅलरीत जीव मुठीत धरून बसले होते. मंत्री दक्षिणेकडचे, इंग्रजीत बोलणारे. तात्यांनी आपल्या दणकट हिंदीत पूरक प्रश्न विचारला, "साहब, दवाखाना होनेवाला है, क्या नहीं होनेवाला?" मंत्र्यांनी शांतपणे पुन्हा 'विचाराधीन'चा पाढा सुरू केला. तात्यांचा पारा चढला. हिंदी कुठल्या कुठे गेली आणि सगळं सभागृह दणाणलं, "व्हय!... का न्हाय?"

मंत्र्यांनी भाषांतर ऐकायचं कानावरचं यंत्र केव्हाच काढून ठेवलं होतं. तात्यांचं 'व्हय' त्यांना इंग्रजी 'व्हाय' ऐकू आलं! हा खासदार कारण विचारतोय असं समजून, कागद बाजूला सारून, ते पहिल्यांदाच खरं बोलले. त्या भागात विमा उतरवलेले कामगार नावालाच आहेत, मालक कामगारांची नावंच विम्यात लावत नाहीत आणि विमेकरी नसतील तर विम्याचा दवाखाना उभारायचा कुणासाठी, असं त्यांनी विचारलं.

तात्या मटकन खाली बसले. बाहेर आल्यावर मी हसून हसून बेजार झाले होते. ते मात्र हसले नाहीत. "हुपरी, आपण दिल्लीच्या नावानं बोटं मोडत हुतो ग. वाट तर आपल्याच माणसांनी अडवलीया."

आपलीच माणसं म्हणजे मागमालक. तात्यांचा प्रचार करणारे, त्यांच्यासाठी गाड्या काढणारे, आणि त्यातले एक खुद्द त्यांचे थोरले भाऊ, अण्णा. तात्यांनी कबनूरला मालकांची बैठक लावली. नावं लावा म्हणाले. अण्णाच उसळून उठले, "विम्याचा हप्ता आम्ही भरायचा आन् हारतुरं तुला व्हय रं?"

"हार तुमी घाला, नायतर घालू नका. गड्यांची नावं लावा."

"आन् न्हाय लावली तर? पुढल्या निवडणुकीला येशील न्हवं दारात?"

सगळे चपापले. मी टेबलाखालून तात्यांच्या पायाला पाय लावला, म्हटलं आता तरी सबुरीनं घ्या. तात्या उठले. "दारात ईन. मत नगं देऊ. पर तुझ्या शेडमधला हरेक गडी विम्यात बसल्याबिगर म्या उठणार न्हाय." आणि ते खरोखर भावाच्या शेडच्या पायरीवर जाऊन बसले. आतले कामगार बावरून बघत होते. शेवटी वहिनीच बाहेर आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "धाकटा दीर दारात उपाशी बसलाय आन् तुमच्या घशाखाली घास उतरतोय?" पहिली नावं लागली ती तात्यांच्या घरच्या मागावरची. मग एकेक शेड वाकली, पण मनात अढी धरूनच.

निवडणुकीत तात्या पडले. अण्णांच्या गल्लीतसुद्धा पिछाडीवर. मी दिल्लीतलं घर आवरताना भांडी आपटत होते. तात्या म्हणाले, "भांड्यांनी काय केलंया?" दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला उतरलो आणि ते उरलेली नावं लावून घ्यायला तडक कबनूरला गेले. एक मालक खवचटपणे म्हणाला, "आता तुमी खासदार न्हाय, तात्या."

"म्या न्हाय. गडी हाईत की."

पुढे दवाखाना झाला. उद्घाटनाच्या पत्रिकेत तात्यांचं नाव नव्हतं. मी जळफळले, ते गेलेच नाहीत. पण काही दिवसांनी त्यांचा फोन आला, "खोकला लई झालाय, चल माझ्यासंगं." दारावर नवा पोरगेला पहारेकरी होता. रांगेत बाया-माणसं उभी होती. त्यानं तात्यांना हात आडवा केला.

"पावणं, विम्याचं कार्ड हाय का?"

"न्हाय, बाबा."

"मग आत जाता येणार न्हाय. ह्यो मागावरल्या माणसांचा दवाखाना हाय."

माझं डोकंच फिरलं. "अरे, हे कोण आहेत माहीत आहे का तुला?" म्हणत मी पुढे झाले. तात्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि मला बाजूला ओढलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज मी इतका हळू ऐकला.

"गप ऱ्हा, पोरी. वळख दावूनच आत जायचं असतं, तर दवाखाना कशापायी मागितला असता?"