क्यूबाई आणि अशक्य वेग

क्यूबाई शाबासकी देत नसत. गणित बरोबर आलं तर मुकाट्याने वही परत करत आणि चुकलं तर वर्गाला वाचून दाखवत. नाशिकच्या आमच्या कॉलेजात त्या बारावीला फिजिक्स शिकवायच्या. अणूच्या केंद्रातून कण बाहेर पडतो तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, ती पुस्तकात क्यू या अक्षराने लिहितात. बाई अशा प्रत्येक गणिताआधी फळ्याच्या कोपऱ्यात भला मोठा क्यू काढायच्या, म्हणून त्या क्यूबाई. तोंडावर अर्थात मॅडम.

"आधी किती होतं, नंतर किती उरलं आणि मधलं गेलं कुठे?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. फुटण्याआधीचं वस्तुमान मांडा, फुटल्यानंतरच्या तुकड्यांचं मांडा. जे कमी भरलं त्याची ऊर्जा झाली, आणि त्या ऊर्जेवरच कण धावतो. मग तो किती जोरात धावतो ते काढा. एवढं साधं होतं. आम्ही मात्र सूत्र पाठ करून उत्तराच्या खाली दोन रेघा मारणारी जमात. मी सायखेड्याहून रोज एसटीने यायचे आणि त्या रेघा पट्टीने मारायचे, याचा मला अभिमानसुद्धा होता.

एकदा अल्फा कणाचा वेग काढताना मी ऊर्जेचं एकक बदलायलाच विसरले. उत्तर इतकं लांबलं की ओळीत मावेना. "मॅडम, माझं लय मोठं आलंय," मी उभी राहून म्हणाले. बाईंनी वही हातात घेतली. "प्रकाशाच्या लाखपट. म्हणजे हा कण तू स्टँडवर पोचायच्या आत सायखेड्याला जाऊन कोट्यवधी वेळा परत आलेला असणार. तुला विचारावंसं वाटलं नाही, हे शक्य आहे का? नाही वाटणार. रेघा मारायच्या होत्या ना." वर्ग हसला. मी त्या दिवशी त्यांचा मनापासून द्वेष केला. पण त्यानंतर कुठलंही उत्तर मी आधी प्रकाशाच्या वेगाशी ताडून पाहिल्याशिवाय लिहिलं नाही.

कण सुटताना मागे राहिलेल्या केंद्रालाही धक्का बसतो, थोडी ऊर्जा तेही घेतं, हे आमच्या डोक्यात शिरेना. तेव्हा बाईंनी वर्ग मैदानात नेला. गेटपाशी पेरूवाल्याची रिकामी हातगाडी होती. चाळिशी ओलांडलेल्या बाई पदर खोचून तिच्यावर चढल्या आणि पुढे उडी मारली. गाडी मागे जाऊन प्राचार्यांच्या स्कूटरला धडकली. "पाहिलंत? आता ते चिडतील. ती ऊर्जा या गणितात धरायची नाही," असं म्हणून त्या हात झटकत वर्गाकडे चालू लागल्या.

दहा वर्षांनी मी त्याच कॉलेजात, बाईंच्याच विभागात तात्पुरती शिक्षिका म्हणून लागले. नेमणूक दरवर्षी नव्याने व्हायची. तोवर शहरात क्लासेसचं पीक आलं होतं. आमच्या विभागप्रमुखांचाही क्लास होता, पाटीवर नाव बायकोचं. त्यांच्या गुलाबी नोट्स मुलं परीक्षेच्या आदल्या दिवशी गिळायची आणि दुसऱ्या दिवशी पेपरवर ओकायची. या व्यवहाराला सगळे गुणवत्ता म्हणायचे.

त्या वर्षी पूर्वपरीक्षेचा पेपर प्रमुखांनीच काढला. एक गणित थेट नोट्समधलं होतं: केंद्रातून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनचा जास्तीत जास्त वेग काढा. त्यांनी अल्फा कणाचं नेहमीचं सूत्र इलेक्ट्रॉनलाही लावलं होतं. इलेक्ट्रॉन इतका हलका असतो की तिथे ते चालत नाही. आदर्श उत्तर होतं सेकंदाला एकोणसाठ कोटी मीटर. प्रकाशसुद्धा तीस कोटींवर थांबतो, पण प्रमुख थांबले नव्हते.

बाईंनी त्या उत्तराला गुण द्यायला नकार दिला. ऊर्जा बरोबर काढली तिथवरचे दिले, पुढचे कापले. एका मुलीने अर्ध्यात थांबून लिहिलं होतं, 'असा वेग असू शकत नाही.' तिला पूर्ण दिले. क्लासच्या मुलांचे पालक दुसऱ्याच दिवशी कॉलेजात हजर. प्राचार्यांनी बैठक बोलावली. प्रमुख म्हणाले, "मॅडम, मुलांच्या भवितव्याचा प्रश्न आहे. सिलॅबसपुरतं बोला."

"प्रकाश सिलॅबसमध्ये आहे ना?" बाई म्हणाल्या.

आदर्श उत्तर योग्यच आहे, असं एक पत्र तयार झालं. त्यावर विभागातल्या सगळ्यांच्या सह्या हव्या होत्या. दोघांनी न वाचताच केल्या. मी पत्र स्टाफरूममध्ये नेलं, एका चिठोऱ्यावर गणित केलं, चिठोरा फाडला आणि सही केली. प्राचार्यांनी बाईंकडून बारावी काढून घेतली आणि त्यांना अकरावीच्या प्रयोगशाळेत लंबक मोजायला बसवलं. वर्ष संपताच त्यांनी राजीनामा दिला आणि येवल्याला बहिणीकडे राहायला गेल्या. निरोपसमारंभात प्रमुखांनी त्यांना शाल दिली आणि तत्त्वनिष्ठेवर भाषण केलं. मी टाळ्या वाजवल्या. माझी नेमणूक पुन्हा झाली.

चार वर्षांनी, कायम झाल्यावर, मी येवल्याला गेले. कायम होईपर्यंत जायचं धाडस झालं नाही, हेही सांगून टाकलेलं बरं. बाई ओट्यावर शेंगा निवडत होत्या. शेजारच्या घरातून मागाचा आवाज येत होता. त्यांनी मला चहा दिला, घरच्यांची चौकशी केली. शेवटी मीच म्हणाले, "मॅडम, त्या पत्रावर माझी सही होती."

"माहीत आहे. वाचलं होतं मी ते."

"मला माफ करा."

त्यांनी शेंगांचं ताट बाजूला ठेवलं. "सही करण्याआधी गणित करून पाहिलं होतंस?"

"हो."

"किती आलं?"

"एकोणसाठ कोटी. प्रकाशाच्या जवळजवळ दुप्पट."

बाईंनी शेंगांचं ताट पुन्हा पुढ्यात ओढलं. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"तुला येत नसेल असं मी धरून चालले होते," त्या म्हणाल्या. "न येणाऱ्याला पुन्हा शिकवता येतं."