सिन्नरच्या बातमीसाठी दोन कोर

दुपारचे साडेतीन. नाशिकचा गंगापूर रोड, आमच्या पेपरचं ऑफिस, दुसरा मजला. संपादकांनी सगळ्यांना बोलावलं. "रिपोर्टरांसाठी एक लॅपटॉप घ्यायचाय. प्रोसेसर कोणता, ते तुम्ही ठरवा."

पेपरात वीस वर्षं काढली. छापलेल्या बातम्या विसरलो, पण त्या आठवड्यातलं एकेक वाक्य पाठ आहे. दोन कोरचे लॅपटॉप तेव्हा नुकतेच दुकानांत आले होते.

माझा स्वार्थ उघड होता. सिन्नरची पाणीटंचाई मी कव्हर करायचो. बातमीची कॉपी हाताने लिहायची, नाशिकच्या बसमध्ये कंडक्टरकडे द्यायची. मागच्या वेळी ती पान छपाईला सुटल्यावर पोचली आणि बातमी दुसऱ्या पेपरात झळकली! "पुन्हा असं झालं तर सिन्नर दुसऱ्याला देईन," संपादक तोंडावर म्हणाले होते.

*

संपादकांचं मत आधीच ठरलेलं. एका लॅपटॉपचा वेग तीन गिगाहर्ट्झ, कोर एक. दुसऱ्याचा वेग पावणेदोन, कोर दोन.

"तीन मोठे की पावणेदोन?"

मी भडकलो. "साहेब, दोन कोर म्हणजे काम करणारे दोघं!"

"ऑफिसात तुम्ही दहा जण आहात. काम किती होतं?"

*

क्राइम रिपोर्टर आहेर सटाण्याचा. सगळं जग त्याला पोलीस ठाण्यासारखं दिसतं. तो माझ्या बाजूने उभा राहिला.

"दोनच घ्या साहेब. एक अडकला, तर दुसरा माफीचा साक्षीदार!"

*

पानं लावणाऱ्या वैशालीताईंनी मात्र आम्हाला थेट स्वयंपाकघरात नेलं.

"एकाने तरी कधी स्वयंपाक केलाय का? शेगडी एकच असेल तर जाळ कितीही मोठा करा, भात उतरल्याशिवाय आमटी चढत नाही. मला पान, फोटो आणि तुमची भयंकर कॉपी, तिन्ही एकदम उघडावी लागतात!"

"आणि नुसता भातच करायचा असेल तर?" संपादक.

"मग उद्या पहिल्या पानावर कोरडा भात!"

*

आम्ही सगळे दुकानात गेलो. तिथे मी दुकानदाराची पत्रकार परिषदच घेतली. "गेल्या महिन्यात तुम्ही एक कोर बेस्ट म्हणालात. आज दोन कोर बेस्ट. मधल्या काळात असं काय घडलं?"

दुकानदार शांतपणे म्हणाला, "जुना माल संपत आला."

शेवटी दोन्ही लॅपटॉप काउंटरवर शेजारी ठेवले. एक फाइल उघडली, बरोबरी. ताईंनी पान, फोटो, कॉपी एकदम उघडली. तीन गिगाहर्ट्झवाला जागीच थिजला. संपादक दुकानदाराला म्हणाले, "बातमीत दोन्ही बाजू लागतात. त्याची बाजू काय आहे?"

दोन कोरवाला घेतला.

*

पहिल्याच दिवशी मी तो घेऊन सिन्नरला गेलो. बातमी टाइप केली, फोटो टाकला. पाच वाजता सगळं तयार! सायबर कॅफे गाठला, तर लोडशेडिंग. वीज येणार आठला, पान सुटणार सातला. तीन दिवस कोर आणि गिगाहर्ट्झवर भांडलो, बातमी पाठवायची कशी, हे एकानेही विचारलं नव्हतं!

मला तर सिन्नरमधल्या संध्याकाळच्या पाणीटंचाई बैठकीसाठी थांबणं भाग होतं. बस लागली होती. लॅपटॉप नीट बंद करायला सुचलं नाही, नुसतं झाकण लावलं आणि नेहमीच्या कंडक्टरच्या हातात ठेवला.

त्याने तो तोलून पाहिला. "मागच्या टायमाला कागद व्हता. बातमी लय जड झाली की ओ!"

मी फोन केला होता, म्हणून नाशिकला आहेर स्टँडवर उभा होता. साडेसहाला लॅपटॉप ताईंच्या टेबलावर. बातमी पहिल्या पानावर, सिन्नर माझ्याकडेच!

सकाळी मी पेपर उघडला. बातमीच्या शेवटी एक जादा ओळ होती. 'जीप थांब्यावरची पाणपोईही महिनाभर कोरडी आहे.'

ही ओळ मी लिहिलेली नाही. ताई म्हणाल्या, फाइलमध्ये होती तशी लावली. आहेर टाइप करत नाही. कंडक्टर म्हणाला, "म्या तिकिटं फाडत व्हतो. त्यो माझ्या शीटवर पडला व्हता." आमच्या मराठी फाँटचा कीबोर्ड शिकायला मला सहा महिने लागले. त्या ओळीत एकही चूक नव्हती.

मी सिन्नरला जाऊन पाहिलं. पाणपोई खरंच कोरडी होती. तिसऱ्या दिवशी तिला पाणी आलं.