बैलाचा डावा पाय

ज्याला कलेची हाक ऐकू येते, त्याच्यासमोर दुसरा मार्गच उरत नाही. हे वाक्य मी बऱ्याच उद्घाटनांत ऐकले आहे आणि एकदा नाइलाजाने स्वतः बोललेही आहे. माझ्यासमोर मात्र दोन मार्ग होते आणि दोन्हींवर एसटी धावत होती. एक गाडी सकाळी सातला कोपरगावच्या कॉलेजकडे जायची आणि संध्याकाळी परत आणून सोडायची. दुसरी पुण्याला जायची आणि परत आणण्याविषयी काही बोलायची नाही.

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी मॅट्रिक झाले. आमचे गाव कालव्याखालचे. थोडा ऊस, थोडा गहू, दावणीला दोन बैल आणि एक म्हैस. मार्क दोन्हीकडे चालतील इतपत पडले होते. चित्रकलेच्या दोन्ही ग्रेड परीक्षांत मी वरच्या श्रेणीत आले होते, त्यामुळे आमचे ड्रॉइंगचे सर पुण्यातल्या चित्रकलेच्या शाळेचा फॉर्म स्वतःच्या खर्चाने घेऊन आले. हेडमास्तरांना हे पसंत नव्हते. पदवीशिवाय मनुष्य अपूर्ण राहतो, असे ते प्रार्थनेनंतर सांगत. त्यांच्या दारावर नावापुढे बी.ए., बी.टी. लिहिलेले होते. छत्रीच्या दांड्यावरही होते, म्हणजे छत्री हरवली तरी पदवी कुणाची ते कळावे.

मला पुण्याला जायचे होते. कारण विशेष उदात्त नव्हते. ग्रेड परीक्षेसाठी नगरला गेले तेव्हा एका मोठ्या खोलीत तीन तास बसून मी एक तांब्या आणि दोन वांगी काढली होती. त्या तीन तासांत कुणी मला ऊठ म्हणाले नाही, चूल बघ म्हणाले नाही, म्हशीला पाणी दाखव म्हणाले नाही. अशी जागा जगात आहे हे मला तोवर माहीत नव्हते. तिथे पाच वर्षे बसता येत असेल तर बसावे, एवढीच माझी कलेविषयीची भूमिका होती.

अडचण पैशांची. कॉलेजला ई.बी.सी.ची सवलत होती, म्हणजे फी माफ. राहायचे घरी, खायचे घरचे, एसटीचा पास तेवढा काढायचा. पुण्याला फी, खोली, खाणावळ आणि वर रंग, कागद, ब्रश. सवलत मिळेल का असे आम्ही पत्र टाकून विचारले. तिथल्या कारकुनाचे पोस्टकार्ड आले की प्रश्न विचाराधीन आहे. माझ्या वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. दादांनी ते कार्ड दोनदा वाचले, तुळईत खोचले आणि निकाल दिला. साखर कारखाना सभासदांच्या मुलांना शिक्षणासाठी मदत करतो. ती मिळाली तर पुणे. नाही मिळाली तर सातची एसटी. त्यावर घरात पुन्हा चर्चा झाली नाही. दादा एकदा बोलले की तो विषय संपायचा आणि जेवण सुरू व्हायचे.

जूनमध्ये एके सकाळी अर्जदारांना कारखान्यावर बोलावले. इंजिनिअरिंगला निघालेले एक, शेतकीला निघालेले दोन, आणि मी. आधी चेअरमनसाहेबांचे भाषण झाले. ज्ञानाचे पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचले पाहिजे, असे ते म्हणाले. आमचे शेत कालव्याच्या चारीच्या टोकाला असल्यामुळे शेवटच्या वाफ्यापर्यंत काय पोचते ते दादांना ठाऊक होते, पण त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

मुलांचे काम पाच-पाच मिनिटांत उरकले. माझा अर्ज निघाल्यावर संचालक मंडळ जरा सावरून बसले. चित्रकला शिकून पुढे काय, असे एकाने विचारले. शिक्षिका होता येते, असे मी म्हणाले. दुसऱ्याने विचारले की लग्न झाल्यावर चित्रे कुठे टांगणार. उत्तर त्यांना नको होते. मग फेट्यातले एक वयस्क संचालक म्हणाले, की बोलण्यात कशाला वेळ घालवता, तिला बैल काढायला सांगा. बैल आला तर बाकी सगळे येते.

सेक्रेटरींनी ऊसनोंदीचा एक कोरा फॉर्म उलटा करून दिला आणि कानावरची पेन्सिल दिली. मी आमच्या दावणीचा खिलार काढला. मला दुसरा बैल इतका पाठ नव्हता. उन्हाळाभर गोठ्याच्या दारात बसून मी त्याला वहीत काढत आले होते. दहा-बारा मिनिटांत झाला. चहा येईपर्यंत मी शेपटीचा गोंडाही पुरा केला.

कागद टेबलावरून फिरू लागला आणि मला मदत द्यायची की नाही हे सगळे विसरले. वशिंड चांगले आहे, असे एक म्हणाला. शिंगे जुळती आहेत, असे दुसरा. दाती किती, असे तिसऱ्याने मला विचारले. तोंड मिटलेले आहे, असे मी सांगितले. तरी त्यांच्यात सहादाती की सगळे दात येऊन जुळलेला यावर वाद झाला. मग कागद फेटेवाल्यांकडे आला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला, आणि डाव्या पुढच्या पायावर बोट ठेवले.

"ह्यो पाय भाईर टाकतोय. खोडीचा हाय."

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले की मी काय करून बसले आहे. तो बैल दादांनी आदल्या हिवाळ्यात शेजारच्या गावच्या तात्यांकडून घेतला होता. आणि तात्या त्याच टेबलाला, माझ्या उजव्या हाताला, बशीत चहा ओतून बसले होते. तेही संचालक होते. विकताना त्यांनी बैल ताज्या नांगरटीत चालवून दाखवला होता. ढेकळांत सगळेच बैल पाय वाकडे टाकतात. खोड दादांना आठवडाभरात कळली, पण ते कधी बोलले नाहीत. आमचा ऊस कुठल्या महिन्यात तुटणार ते तात्यांच्या शब्दावर होते.

तात्यांनी कागद घेतला. बैल त्यांनी तत्काळ ओळखला. विकलेला बैल माणूस विसरत नाही, विशेषतः तसा विकलेला.

"बैलात काय खोट न्हाई," ते म्हणाले. "चित्रात हाय. पोरीला पाय काढता येत न्हाई."

आता प्रश्न सरळ झाला. पाय चित्रात वाकडा असेल तर मला चित्र येत नाही आणि मी सातच्या एसटीने जाणार. पाय बैलात वाकडा असेल तर मी पुण्याला जाणार आणि आमचा ऊस बहुधा एप्रिलपर्यंत वाळत उभा राहणार. दादा भिंतीशी उभे राहून छताच्या पंख्याकडे पाहत होते. पंखा बंद होता.

मंडळाने ठरावासाठी मते घेतली असती तर गोष्ट वेगळी झाली असती. पण हे सगळे शेतकरी होते. जनावराविषयी मत देण्याआधी जनावर बघायचे, ही त्यांची रीत. चेअरमनसाहेबांनी जीप काढायला सांगितली. पुढे चेअरमन आणि तात्या, मागे बाकीचे दाटीवाटीने, आणि मी व दादा त्यांच्या गुडघ्यांमध्ये. इंजिनिअरिंगचा मुलगा आमच्याकडे कीव आल्यासारखा पाहत राहिला.

दारात जीप थांबलेली पाहून आईला वाटले की दादांना काहीतरी झाले. दादा स्वतःच्या पायाने उतरल्यावर ती चहा टाकायला आत गेली. माणसे किती हे तिने दारातूनच मोजून घेतले होते. मंडळ गोठ्यात शिरले. कुणी बैलाचा ओठ उचलून दात बघितले (जुळलेला निघाला), कुणी पाठीवरून हात फिरवला. बैल उभा होता, डावा पाय बाहेर टाकून, अगदी चित्रातल्यासारखा. तात्या म्हणाले, उभा राहताना जनावर कसेही उभे राहते, त्याचे काय. चालताना बघायचे.

चेअरमनसाहेबांनी दादांना विचारले, की तुम्ही रोज औताला धरता, तुम्हीच सांगा, पाय कसा टाकतो.

दादांनी तात्यांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि कासरा सोडून फेटेवाल्यांच्या हातात दिला.

"मी काय सांगत न्हाई," दादा म्हणाले. "अंगण सारवलेलं हाय. चालवून बघा."

दादा आयुष्यात फार थोडे बोलले, पण त्या दिवशी त्यांनी जागा बरोबर निवडली. सारवलेल्या अंगणात ढेकूळ नव्हते. फेटेवाल्यांनी बैल तुळशीपासून दारापर्यंत नेला आणि परत आणला. बैलाला त्यातले राजकारण कळण्याचे कारण नव्हते. जाताना त्याने डावा पाय बाहेर टाकला आणि येतानाही टाकला. ओल्या सारवणावर खुरांचे ठसे उठले होते. तेही चेअरमनसाहेबांनी वाकून पाहिले.

मग तात्या म्हणाले, "माझ्याकडं सरळ चालत हुता. हितं येऊन बिघडला."

"तात्या," फेटेवाले म्हणाले, "पाय म्हंजी काय पोरगं हाय का, संगतीनं बिघडाया?"

सगळे हसले, आणि तात्यांनाही हसावे लागले. पण ते हुशार गृहस्थ होते. बैलाच्या किमतीचा विषय निघण्याआधी त्यांनी माझा काढला. पोरीची नजर लई बारीक आहे, असे ते मोठ्याने म्हणाले, आणि मदतीचा ठराव स्वतःच मांडला.

"पुन्याला पाठवा तिला," ते म्हणाले. "पाच वर्सांचं शिक्षान हाय म्हणत्यात. पाच तर पाच. आन् सुट्टीला घरी यायची लई घाई करू नगं गं, बाय."

ठराव तिथेच अंगणात, चहाच्या कपांसह, एकमताने झाला. पुढच्या हंगामात आमचा ऊस जानेवारीत तुटला. मी ऐकले की तात्यांनी तशी चिठ्ठीच दिली होती. ते तेव्हापासून दादांशी फार अदबीने वागत, आणि दादाही त्यांना कधी काही म्हणाले नाहीत. बैल आमच्याकडेच राहिला आणि पाय बाहेर टाकत चांगले काम करत राहिला.

जीपमध्ये बसताना सेक्रेटरींना शंका आली. शिक्षण निधीच्या नियमांत फक्त पदवीचे शिक्षण बसत होते, आणि पुण्याच्या शाळेत डिप्लोमा मिळायचा. चेअरमनसाहेबांनी विचारले, की मग आजचे जीपचे पेट्रोल कशात लिहिणार आहात. जनावराची पाहणी म्हणून पशुसंवर्धनात, असे सेक्रेटरी म्हणाले. चेअरमनसाहेब म्हणाले की मग हिलाही त्यातच लिहा.

तसे लिहिले गेले, आणि पाचही वर्षे पैसे जूनमध्ये वेळेवर आले. पहिल्या वर्षीचा कारखान्याचा छापील अहवाल माझ्याकडे आहे. त्यात पशुसंवर्धन या सदराखाली तीन बाबी आहेत: एक जर्सी वळू, कडबा कापण्याची दोन यंत्रे, आणि एक विद्यार्थिनी, पुणे.