तळ्याकाठचा ठिपका

माझ्या साहेबानं माझा केसानं गळा कापला, तोही स्वतःच्या हातचा चहा पाजून. आजही इथं आयर्लंडमध्ये शॅननच्या त्या ऑफिसवरून गाडी गेली की तोंड कडू होतं.

आम्ही तिथं नकाशांचं सॉफ्टवेअर करायचो. कॅनडाच्या पार उत्तरेला, जिथं हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरूनच रस्ता होतो, तिथल्या क्री आदिवासींच्या एका वस्तीला आपल्या जमिनीचा नकाशा हवा होता. रानहंस कुठे उतरतात, सापळे कुठे लावायचे, पायवाट कुठून जाते, हे तिथले एक आजोबा सांगायचे. त्यांची नात इंग्रजी करायची. मी शॅननजवळच्या एनिस गावातल्या माझ्या घरी दुपारच्या व्हिडिओ कॉलवर ठिपके मांडायचो. वर्षभर हे चाललं.

एका तळ्याशी आलो की आजोबा गप्प व्हायचे. मी आपला हात धुऊन मागे, म्हणे नकाशा अर्धवट राहील. कुणी सांगितला होता शहाणपणा? शेवटी ते म्हणाले, "जागेच्या बदल्यात जागा. आधी तुझी सांग."

सांगितली. आजोळच्या ओढ्यापलीकडे, करंजाखाली, माझा तीन दिवसांचा भाऊ पुरलाय. आईनं ती जागा मला एकदाच दाखवली. बायकोलाही मी बोललेलो नाही. आजोबांनी मान हलवली आणि तळ्याच्या काठावर बोट ठेवलं. तिथं त्यांची धाकटी बहीण होती.

तो ठिपका फक्त वस्तीला दिसेल असा मी कुलूपबंद केला. साहेबाला बजावलं, हा बाहेर जाता कामा नये. "ग्रँड, काळजीच नको," माझ्यापुढे चहा ठेवत म्हणाला, आणि अख्खी फाइल उघडी करून एका खाणवाल्याला देऊन मोकळा झाला. तिथल्या दलदलीच्या मुलखात कोरडी जमीन कुठे, हे त्याला आजोबांच्या पायवाटांवरूनच कळलं. खाणीचा रस्ता तळ्याकाठून आखला गेला. मी भांडायला गेलो तर साहेब म्हणतो, ठिपका जरा सरकव ना, काय बिघडलं. मेल्याला लाज कशी ती नाही. त्याच आठवड्यात मी नोकरी सोडली.

पण आजोबांना सांगायचं मलाच होतं. कॅमेऱ्यासमोर बसून सगळं सांगितलं. साहेब फाइल देणार हे मला माहीत नव्हतं, हेही सांगितलं, आणि ते खरं होतं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. मग हळू काहीतरी म्हणाले, आणि नात माझ्याकडे न बघता बोलली.

"आजोबा म्हणतात, तुझ्या भावाची जागा आमच्या घराबाहेर गेलेली नाही."