उघड्या बॉनेटची मॉरिस

रजनी, हात मागे घे! ती काळी मोटार पूस, हवं तर दहादा पूस, पण तिचं बॉनेट उघडू नकोस. महालक्ष्म्यांपुढची आरास मांडायला सून म्हणून तू यंदा पहिल्यांदाच बसलीस, तुला कोण सांगणार? तुझे सासरे तर सांगायचे नाहीत. तोंड उघडायला पैसे पडतात त्यांना. मीच सांगते. पण वाती वळता वळता ऐक, नाहीतर दोन्ही कामं राहतील.

हे पाटावर मावेल एवढं गॅरेज दिसतंय ना, हे बरकतपुऱ्यातलं उस्ताद गुलाम दस्तगीर यांचं. खरं गॅरेज रस्ता रुंद करताना पडलं. पण कसं होतं ते बघायचं असेल तर इथं बघ. पत्र्याचं छप्पर, भिंतीला टांगलेले पाने, कोपऱ्यात टायरांची चळत, दाराशी उस्तादांची बाज, आणि आत तीन मोटारी. सगळं एका माणसाच्या हातचं आहे.

तो माणूस म्हणजे अंबाजी मिस्त्री. घेतलं बघ नाव, आता या वयात कसलं लाजायचं! कंधारकडच्या शेतकऱ्याचं लेकरू. बैलगाडीशिवाय दुसरं चाक यांना ठाऊक नव्हतं. शहरात आले, हमालीसाठी वणवण फिरत होते, आणि उस्तादांनी आत बोलावून हातात पाना दिला. जात विचारली नाही की गाव विचारलं नाही. शिकवलं, जेवू घातलं, आणि आमचं लग्न ठरलं तेव्हा वरातीला कुठल्याशा नवाबाची ब्यूक मागून आणली. मी आत बसले, आणि हॉर्न वाजल्यावर अशी किंचाळले म्हणतेस! अजून चिडवतात मला त्यावरून.

संध्याकाळी कामावरून आले की हे पत्रा आणि कात्री घेऊन बसायचे. खऱ्या मोटारीचा एक फूट म्हणजे यांचा अर्धा इंच. तेव्हा आमच्या घरी पाळणा हलला नव्हता, म्हणून मला आधी वाटलं, खेळणी करून मन रमवतात बिचारे. कसले बिचारे! घरात काही शिल्लक ठेवलं असेल तर शपथ. डालड्याच्या डब्याचं मोटारीचं अंग झालं. माझ्या फणीचे दात मॉरिसच्या पुढच्या जाळीला गेले. लाड बाजारच्या लाल बांगड्या फुटल्या की मी हळहळायची, आणि हे खुशीत तुकडे वेचायचे, मागच्या दिव्यांना. औषधाच्या बाटल्यांची रबरी बुचं कापून टायर केले. एकदा मी चिडून म्हटलं, "आता माझी नथ तेवढी राहिली." तर म्हणाले, "बघू, तार किती बारीक आहे?"

आणि मोटार चकचकीत करतील तर तेही नाही. खऱ्या गाडीच्या मडगार्डाला पोचा असेल तर यांच्याही गाडीला तिथंच पोचा. गंज दाखवायचा तर खरा गंज खरवडून डिंकात कालवून लावायचा. जमिनीवर जळक्या ऑइलचे डागसुद्धा जिथल्या तिथं. मी विचारायची, डाग कशाला? तर म्हणायचे, "जसं आहे तसं." एवढंच. पुढं काही नाही.

हे वेड बहुतेक उस्तादांच्या शिस्तीतूनच आलं. उस्तादांचा एकच कायदा होता, "गाड़ी का पेट खुला छोड़ के मिस्त्री घर कू नै जाता." इंजिन उघडलं तर ते बसवून, बॉनेट लावूनच घरी जायचं. लोकांनी विश्वासानं सोडलेली गाडी, तिचा एक स्क्रूसुद्धा इकडचा तिकडं होता कामा नये. पार्ट मुंबईहून यायचा असला तर उस्ताद स्वतः गॅरेजात बाज टाकायचे आणि गाडी मिटेपर्यंत तिथंच झोपायचे.

मग ते दिवस आले. देश स्वतंत्र झाला, पण आमचं निजामाचं संस्थान अधांतरीच. रझाकारांच्या टोळ्या फिरायला लागल्या. अंबरपेठेतल्या आमच्या आळीतली निम्मी घरं कुलपं लावून सोलापूर नाहीतर वऱ्हाड गाठायला निघाली. आमचं तिकडं कोण होतं? मी रडकुंडीला आलेली. उस्ताद आले, चुलीवरचं भांडं त्यांनी स्वतः उतरवलं, आणि आम्हाला गॅरेजमागच्या रंगाच्या खोलीत नेऊन ठेवलं. दाराशी बाज टाकली आणि बसले. एकदा खरंच टोळकं आलं. मी रंगाच्या डब्यांमागे दडलेली. उस्ताद बाजेवरून उठलेसुद्धा नाहीत. "अंदर मेरा बेटा है, मेरी बहू है. बात करना है तो मेरे से करो," म्हणाले. काय वाटलं त्यांना कोण जाणे, गेले निघून. मी उस्तादांच्या पाया पडायला वाकले तर माझ्यावरच डाफरले, "उठ, चाय बना!"

पोलीस ॲक्शन झाली, भारताची फौज आली आणि वारं फिरलं. आता लोक उस्तादांकडे वाकड्या नजरेनं बघू लागले. तेव्हा तीच बाज, तेच दार, आणि वर बसले आमचे हे. बोलता येत नाही यांना, पण बसता येतं. कामापुरते उठायचे, की पुन्हा येऊन बसायचे. उस्तादांच्या केसालाही धक्का लागला नाही.

पण उस्ताद आतून खचले होते. जहागिरी गेल्या, नवाबांच्या मोटारी विकल्या गेल्या, काम आटलं. मुलगा कराचीला होता, तो सारखा बोलवायचा. एक दिवस यांना म्हणाले, "अंबाजी, गॅरेज तू संभाल. मेरेकू एक छोटी गॅरेज बना के दे, पेटी में रख के ले जातूँ. वो हुई की मैं निकला."

घे! म्हणजे यांनी काम पुरं केलं की उस्ताद जाणार. आणि शेजारचे हिम्मतराव मला म्हणतात कसे, "वहिनी, नशीब उघडलं तुमचं, अंबाजी मालक झाला!" मी म्हटलं, "बाप घर सोडून जायलाय हिम्मतराव, आणि तुम्ही पेढे मागायलात?" तेव्हापासून बरेच महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. बरंच झालं.

मी यांना म्हटलं, "हळू करा की हो. मोडा, परत जोडा. कोण बघायलंय?" असं बघितलं माझ्याकडे, जसं काही मी चोरीच करायला सांगितली. "उस्तादांनी सांगितलेलं काम आहे," म्हणाले, आणि नेहमीपेक्षा दुप्पट झपाट्यानं लागले. असा संताप आला मला! दगड आहे हा माणूस, म्हटलं. ते पत्रा कापायचे, मी भांडी आदळायची. मला सासरा नव्हता गं. त्या एका माणसानं मला बहू म्हटलं होतं, आणि हे त्याची निघायची तयारी करत होते.

झालं शेवटी तयार. वर माझं धुतलेलं लुगडं झाकून आम्ही दोघांनी ते बरकतपुऱ्याला नेलं. उस्तादांची ट्रंक बांधून दाराशी ठेवलेली, अंगात शेरवानी. मी वाटीत दही नेलं होतं, निघताना हातावर घालायला. जाणाऱ्यानं परत यावं म्हणून घालतो ना आपण, तसं.

उस्तादांनी लुगडं बाजूला केलं आणि बघतच राहिले. टायरांना हात लावला, पान्यांना लावला, आपल्या बाजेवर बोट फिरवलं. डोळे भरून आले त्यांचे. "वाह बेटा," म्हणाले, आणि मग थबकले. मधली ती काळी मॉरिस, दुरुस्तीला आलेली एका डॉक्टरांची, तिचं बॉनेट उघडं होतं. इंजिनाचं डोकं काढून बाकावर ठेवलेलं.

"ये खुली कैको है रे?"

"असली भी खुलीच है उस्ताद," हे म्हणाले. "गॅस्केट नै आया."

गॅस्केट म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमध्ये बसतो तो तांब्याचा पातळ पत्रा. त्याच्याशिवाय इंजिन मिटत नाही, एवढं ऐकून ऐकून मलाही कळलं होतं.

"वो बड़ी की बात है. इसको बंद कर, मेरेकू निकलना है."

"बड़ी में नै आया तो छोटी में कैसा डालूँ, उस्ताद? जैसा है वैसा बनाया."

उस्ताद लालबुंद झाले. "मैं क्या सिखाया तेरेकू? गाड़ी का पेट खुला छोड़ के..." आणि तिथंच अडकले. आपल्याच कायद्यात सापडले होते. तो उंचापुरा माणूस मटकन बाजेवर बसला. मला वाटलं, आता यांना एक ठेवून देणार. तर हसायलाच लागले. हसता हसता रडले. आम्ही दोघंही रडलो, कशाला खोटं सांगू! मग शेरवानी काढून खुंटीला टांगली आणि मला म्हणाले, "बहू, वो दही में शक्कर डाल. बैठ के खातूँ."

खरं गॅस्केट आलं, डॉक्टरांची मॉरिस गेली, पण छोटी उघडीच राहिली. उस्ताद अधूनमधून डोळे मिचकावून विचारायचे, "छोटी का गॅस्केट आया क्या रे?" हे म्हणायचे, "नै आया, उस्ताद." मग सगळं गॅरेज हसायचं. कराचीचा मुलगा येऊन भेटून गेला, त्यालाही उस्तादांनी हेच दाखवलं, "देख, मेरा काम बाकी है." तुझा नवरा त्यांच्याच खांद्यावर वाढला. मोटार चालवायला शिकवली तीही त्यांनीच. मी देवाकडे आणखी काय मागायचं होतं? न मागता मिळालं सगळं.

आणि इतकी वर्षं मी समजत होते, यांचं ते "जसं आहे तसं" ऐनवेळी कामी आलं. नशिबानं झालं.

उस्ताद गेले, म्हातारे होऊन, आपल्याच बाजेवर. हे त्यांना माती देऊन घरी आले, अंघोळ केली आणि देवळीतली एक काडेपेटी काढली. मला वाटलं, दिवा लावायचाय. तर आतून कापसात गुंडाळलेला, बोटाच्या पेराएवढा तांब्याचा पत्रा निघाला, चार भोकं पाडलेला. काळा पडला होता पार.

"हे कधी केलं?" मी विचारलं.

"तेव्हाच," म्हणाले. "सगळ्याच्या आधी."

गॅस्केट बसवलं, वर डोकं बसवलं, आणि बॉनेट हळूच खाली केलं. "गेले उस्ताद घरी," एवढंच बोलले.

म्हणून म्हणते, हात लावू नकोस. झाल्या का वाती? मग ऊठ, वाटीत दही घे, साखर घाल, आणि त्या छोट्या बाजेपुढं ठेव. आपल्याकडे दरवर्षी पहिली वाटी तिथं असते.